आसारी आता बाबांच्या हातात द्या

ताई, नमस्कार.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, मिस्टर अंबडच्या कंपनीत शिफ्टला. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. गेलं वर्षभर कुठलीही गोष्ट करायच्या आधीच तो म्हणतो, "मला नाही येणार." गणिताची वही पान फाटेपर्यंत खोडतो. सासूबाई सारखी जाऊबाईंच्या मुलाशी तुलना करतात. तो ॲबॅकसला जातो, बुद्धिबळ खेळतो. मिस्टर चिडले की याला 'भागूबाई' म्हणतात. शाळेत बाईंनीही एकदा सगळ्यांसमोर 'कासव' म्हटलं. मी मात्र कौतुकात कुठे कमी पडत नाही. मुलांशी सतत चांगलं बोलावं असं मोबाइलवर ऐकलं होतं, म्हणून चित्र काढलं की "जगातलं सगळ्यात भारी चित्र!" आणि डबा संपवला तरी "सुपरस्टार!" म्हणते. फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता लावलाय. वीस चांदण्या झाल्या की बक्षीस. तर परवा तो मला म्हणाला, "तू आई आहेस म्हणून म्हणतेस." मला रडूच आलं. यंदा संक्रांतीला तो गच्चीवरही आला नाही. गेल्या वर्षीपर्यंत बाबांच्या मागे आसारी, म्हणजे पतंगाच्या दोऱ्याची फिरकी, धरून दिवसभर उभा असायचा. अजून किती कौतुक करू? माझं कुठे चुकतंय?

— एक आई, नाशिक

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुमच्या मुलाच्या त्या एका वाक्यापाशी थांबले. "तू आई आहेस म्हणून म्हणतेस." तुम्हाला त्याचं वाईट वाटलं, मला त्या पोराचा अभिमान वाटला. खचून गेलेलं मूल असं बोलत नाही. ते खाली बघून "हो" म्हणतं आणि निघून जातं. तुमचा मुलगा अजून बोलतोय, आणि तेही खरं बोलतोय. त्याने काढलेलं चित्र बरं आहे, पण जगातलं सगळ्यात भारी नाही, हे त्याला दिसतं. शेजारच्या बाकावरच्या मुलाने काढलेलं चित्र त्याने पाहिलेलं असतं. मग आईचे शब्द आणि आपले डोळे यांत कोणावर विश्वास ठेवायचा, असा पेच त्याच्यापुढे पडतो. त्याने डोळ्यांवर ठेवला. बरोबरच केलं.

तुम्ही विचारता, अजून किती कौतुक करू. मी म्हणेन, कौतुक थोडं कमी करा आणि त्याच्याकडे बघणं वाढवा. हे ऐकायला कठोर वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, तो २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना एक चित्र बघून काढायला दिलं. मग काहींना चिठ्ठीत "सुंदर चित्र काढलंस" असं लिहून दिलं, काहींना "कमालीचं सुंदर चित्र काढलंस" असं, आणि काहींना काहीच नाही. त्यानंतर विचारलं, आता सोपं चित्र काढणार की अवघड? ज्या मुलांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होतं, ती मुलं ते 'कमालीचं' वाचल्यावर सोप्या चित्राकडे वळली. एवढं मोठं कौतुक झाल्यावर पुढच्या वेळी तेवढंच मोठं काहीतरी करून दाखवावं लागणार, नाहीतर ते कौतुक खोटं ठरणार, ही धास्ती. आणि याच संशोधकांना असंही दिसलं की मोठी माणसं नेमकं अशाच, आत्मविश्वास कमी असलेल्या मुलांना जास्त फुगवून बोलतात. का? तर मायेपोटी. तुम्ही केलंत तेच. तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. मूल बुजलेलं दिसलं की आपला आवाज आपोआप चढतो, विशेषणं वाढतात. आईचा जीव तसाच असतो.

मी स्वतः हे पुस्तकातून शिकले नाही. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी निफाड तालुक्यात. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगी होती, तल्लख. मी येता-जाता तिला 'माझी हुशार' म्हणायचे, साहेब तपासणीला आले की तिलाच उभी करायचे. एकदा घटक चाचणीत तिने कोरा कागद दिला. एकही गणित सोडवायचा प्रयत्न केला नव्हता. मी तिला व्हरांड्यात बाजूला घेऊन विचारलं, तर ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाली, "बाई, चुकलं असतं तर तुम्ही हुशार म्हणाला नसता." मी तिला मान दिला असं समजत होते, आणि ते तिच्या डोक्यावरचं ओझं झालं होतं. आजही तो कोरा कागद मला आठवतो. त्या दिवसापासून 'हुशार' हा शब्द मी वर्गात वापरणं सोडलं. 'ढ' तर आधीच सोडला होता. पण ही दोन्ही एकाच जातीची लेबलं आहेत हे मला उशिरा कळलं.

पुढे खूप वर्षांनी मी क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८च्या अभ्यासाबद्दल वाचलं आणि त्या मुलीचा कागद पुन्हा डोळ्यांपुढे आला. त्यांनी पाचवीतल्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. सुटल्यावर एका गटाला "तू हुशार आहेस" म्हटलं, दुसऱ्याला "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कोणालाच नीट जमली नाहीत. शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. 'हुशार' गटातल्या मुलांना या वेळी पहिल्यापेक्षा कमी गुण मिळाले, मेहनतवाल्यांना जास्त. आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायचे होते, तर 'हुशार' मुलांपैकी कितीतरी जणांनी ते वाढवून लिहिले. एका शब्दाने मुलं खोटं लिहायला लागली.

आता तुमच्या घरात येऊ. गणिताची वही घ्या. तो खोडतोय, पान फाटायला आलंय. अशा वेळी आपण काय म्हणतो? "अरे सोप्पं आहे ते!" हे वाक्य मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण सोपं असून जमलं नाही तर पोराच्या मनात काय उरेल? त्याऐवजी शेजारी बसा. थोडा वेळ काहीच बोलू नका. मग जे दिसलं तेवढंच सांगा: "तीन वेळा खोडलंस. म्हणजे कुठेतरी चुकतंय हे तुझं तुला कळलं." बस. हे कौतुक वाटत नाही ना? पण त्याला हे पटेल, कारण ते खरं आहे, आणि ते त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. चूक ओळखता येणं हीच निम्मी वाट आहे. मग विचारा, "कुठपर्यंत बरोबर आहे असं वाटतं तुला?" बहुतेक वेळा हातच्यापर्यंत सगळं बरोबर असतं आणि गाडी तिथे अडकते. आणखी एक. काही दिवस खोडरबर बाजूला ठेवा. माझ्या वर्गात चुकलं की त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा लिहायचं, असा नियम होता. पान घाण दिसायचं, पालक कुरकुरायचे. पण मूल पान उलटून मागे बघायचं तेव्हा त्याला स्वतःची वाट दिसायची, आधी इथे चुकलो, मग असं जमलं. खोडलेल्या पानावर ती पुसली जाते, उरतं फक्त भोक.

चित्र काढलं तर चित्राकडे खरोखर बघा. दवाखान्यातून दमून आल्यावर गॅसपाशी उभं राहून न बघता "वा वा" म्हणण्यापेक्षा "आत्ता हात भरलेत, कुकर लावते आणि बघते" म्हणा आणि मग नक्की बघा. "गोदावरीचं पाणी तू मातकट रंगवलंस, पावसाळ्यातल्यासारखं." "या देवळाच्या पायऱ्या मोजून काढल्यास वाटतं." आणि कधी कधी फक्त विचारा, "यातलं तुला स्वतःला काय आवडलं?" पहिल्या वेळी तो खांदे उडवेल. विचारत राहा. स्वतःच्या कामाकडे स्वतः बघून ठरवायची सवय लागली की दुसऱ्याच्या शाबासकीची भूक हळूहळू कमी होते. आणि डबा संपवला तर काहीही म्हणू नका. भूक लागली, खाल्लं. त्यात सुपरस्टार काय व्हायचंय?

फ्रिजवरचा तक्ता मात्र उद्याच फाडू नका. त्याने वीस चांदण्यांवर भरवसा ठेवलाय, शब्द मोडू नका. हा तक्ता पूर्ण होऊ द्या, ठरलेलं बक्षीस द्या आणि पुढचा लावू नका. अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधीच सांगून पाहिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. जे खेळ होतं त्याची मजुरी ठरली. आपल्याकडे बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, तेही बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाजूला ठेवून. मुलाला कामातच गोडी असते, ती आपण मध्ये येऊन घालवू नये, हा त्यामागचा विश्वास.

नुसतं बोलणं बदलून भागणार नाही, हेही सांगते. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७मध्ये माणसाला 'हे मला जमेल' हा भरवसा कुठून येतो याची मांडणी केली. सगळ्यात पक्का भरवसा येतो तो स्वतः काहीतरी करून दाखवल्याच्या अनुभवातून. दुसऱ्याने "तुला जमेल" म्हणणं त्याच्या बरंच खाली. म्हणून त्याला काम द्या. खोटं-खोटं काम नको, ज्याच्यावाचून घराचं खरंच अडेल असं काम हवं. शंभराची नोट आणि पिशवी देऊन त्याला भाजी आणायला पाठवा. पहिल्या वेळी तुम्ही चार पावलं मागे उभ्या राहा, पण बोलायचं त्याने. मेथीची जुडी, पाव किलो टोमॅटो, कोथिंबीर, आणि सुटे पैसे मोजून घेणं. चौथीतली वजाबाकी तिथे भाजीवाल्या मावशींसमोर होते आणि तिथे खोडरबर नसतो.

मेथी पिवळी निघाली तर? निघेलच एखाद्या दिवशी. तेव्हा "बघ, फसवलं तुला" म्हणू नका, आणि पुढच्या वेळी स्वतः जाऊ नका. दोघं बसून पिवळी पानं वेगळी काढा, उरलेल्या मेथीची भाजी करा आणि रात्री पानात वाढताना सगळ्यांना सांगा की आज भाजी याने आणली आहे. पिवळ्या पानांबद्दल तो स्वतःच बोलेल. पुढच्या वेळी तो जुडी उलटी करून देठं बघेल. ते शिकवायला तुम्ही लागणार नाही.

सासूबाईंचं जरा नाजूक आहे. जाऊबाईंच्या मुलाशी तुलना होते तेव्हा पोरासमोर त्यांच्याशी वाद घालू नका. त्याने होतं काय, की त्याच्यामुळे घरात भांडण झालं, हे आणखी एक ओझं त्याच्यावर येतं. त्या क्षणी एवढंच म्हणा, "आई, तो त्याचा, हा आपला," आणि विषय बदला. पण दुसऱ्या एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांच्याकडे एक काम सोपवा. मुलाला जवळ बसवून त्यांना त्याच्या बाबांचं लहानपण सांगायला लावा. सायकल शिकताना ते कितीदा पडले, कुठल्या विषयात नापास झाले, पाण्याला घाबरायचे का, शाळेत जाताना कोण रडायचं. आजीइतकं हे कोणालाच माहीत नसतं आणि आजीला ते सांगायला फार आवडतं. माझ्या अनुभवात या एका गोष्टीने जेवढं काम होतं तेवढं दहा उपदेशांनी होत नाही. आपल्याला 'भागूबाई' म्हणणारे बाबा नऊ वर्षांचे असताना अंधारात न्हाणीघरात जायला घाबरायचे, हे मुलाला त्याच्या आजीच्या तोंडून कळू दे. आणि सासूबाईंनाही सांगता सांगता आठवेल की त्यांचा मुलगा काही पहिल्या दिवसापासून असा नव्हता.

तुलना फक्त घरातल्या मुलांशी होते असंही नाही. आपण मोठमोठ्या माणसांच्या गोष्टी सांगतो त्याही कधी कधी छडीसारख्या वापरतो. आपल्या जिल्ह्यातले, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ घ्या. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम, २०१२मध्ये सैन्यात भरती, आणि नाव वल्हवायला शिकले ते तिथे गेल्यावर. चार वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंगला भारताकडून ते एकटेच होते, आणि तेरावे आले. ही गोष्ट मुलाला जरूर सांगा. पण "बघ, विहिरी खोदणारा मुलगा ऑलिम्पिकला गेला, आणि तुला एक गणित येईना" असं शेपूट तिला जोडू नका. गोष्ट सांगा आणि थांबा. त्याला जे घ्यायचं ते तो घेईल. मला स्वतःला त्यात तेरावा हा आकडा फार आवडतो. आपल्या घरांमध्ये मूल तेरावं आलं तर आपण आधी विचारतो, पुढचे बारा कोण?

शाळेतल्या 'कासव'बद्दल. वर्गशिक्षिकेला भेटा, पण मुलाला बरोबर न नेता आणि तक्रारीच्या सुरात न बोलता. "घरी तो आधीच 'मला येणार नाही' म्हणतो, तुम्ही थोडी मदत करा" असं म्हटलं की बहुतेक शिक्षिका विरघळतात. आमच्या हातूनही घाईत, साठ पोरांच्या गोंगाटात, नको ते शब्द निघतात, आणि निघाल्यावर आम्हालाही झोप लागत नाही. तरीही पुन्हा पुन्हा असं घडलं तर मुख्याध्यापकांकडे जा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मुलाला मारायलाच नव्हे, मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. पहिल्याच भेटीत ते काढू नका.

एकदा डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं धूसर दिसणारी कितीतरी मुलं मी 'मंद' ठरताना पाहिली आहेत. वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील, आकडे सारखे अदलाबदल होत असतील, तर तेही तपासून घेता येतं. आणि रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखत असेल, झोप-जेवण कमी झालं असेल, किंवा तो स्वतःला फार टाकून बोलत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटायला उशीर करू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

तुमच्याविषयीही एक विचारू? बिल बघताना, हिशोब करताना "मला मेलीला गणित कधी आलंच नाही" असं काही तुमच्या तोंडून जातं का? जात असेल तर ते तो ऐकतोय. 'मला नाही येणार' हे वाक्य मुलं कुठून तरी उचलतात. तुम्ही नवीन काही शिकताना त्याच्यासमोर शिका. मोबाइलवर लाइट बिल भरायला पहिल्यांदा अडखळलात तर मोठ्याने अडखळा: "हे काही कळेना, थांब, परत वाचते." आणि एखाद्या दिवशी दमून त्याच्यावर ओरडलात, तर नंतर जाऊन सांगा, "मी उगाच ओरडले, तुझी चूक नव्हती." आई चुकते, कबूल करते आणि तरी आईच राहते, हे त्याने पाहिलं की स्वतःच्या चुकीची भीती निम्मी होते.

आता संक्रांत. तुमच्या पत्रातली ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझ्या मते सगळं तिथे आहे. गेल्या वर्षीपर्यंत तो आसारी धरून बाबांच्या मागे उभा असायचा. दिवसभर! आपल्याकडे, विशेषतः येवल्याकडे, ही बांबूच्या काड्यांची आसारी म्हणजे काय मान असतो ते मला ठाऊक आहे. येवल्यात तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात. पण आसारी धरणाऱ्याच्या हातात पतंग नसतो. पतंग बाबांच्या हातात, काटाकाटी बाबांची, "काटला रे!" बाबांचं, आणि मुलाने फक्त सांगितलं तेव्हा ढील सोडायची, सांगितलं तेव्हा गुंडाळायचं. पाच वर्षांच्या मुलाला त्याचंही अप्रूप असतं. नऊ वर्षांच्या मुलाला नसतं. मधल्या काळात त्याने कधीतरी दोरा मागितलाही असेल आणि "दे इकडे, तुला नाही जमत, फाडशील" असं उत्तर मिळालं असेल. रागाने नसेल म्हटलं. घाईत, खेळाच्या रंगात म्हटलं असेल. पण "मला नाही येणार" आणि "तुला नाही जमत" ही दोन वाक्यं किती जवळची आहेत, बघा. हा माझा अंदाज आहे. मिस्टरांना एकदा प्रेमाने विचारून पाहा.

आणि त्यांना माझा हा निरोप द्या. पुढच्या संक्रांतीची वाट बघू नका. सुट्टीच्या दिवशी, वारा असेल तेव्हा, मुलाला घेऊन गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा जवळच्या एखाद्या मोकळ्या जागी जा, जिथे वर विजेच्या तारा नाहीत. दोन-चार साधे कागदी पतंग घ्या. साधा सुती दोरा घ्या, नायलॉनचा मांजा अजिबात नको. त्याने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात, म्हणून त्याच्यावर बंदी आहे. कन्नी त्याला बांधू द्या. वाकडी बांधेल, पतंग एका बाजूला कलेल, गोल गोल फिरून खाली येईल. तेव्हा हात पुढे करू नका. त्याने विचारलं तर सांगा, न विचारलं तर त्याला सोडून पुन्हा बांधू द्या. दुसऱ्या पतंगाला, तिसऱ्या पतंगाला कधीतरी ती सरळ बसेल.

मग आसारी बाबांनी हातात घ्यायची आणि त्याच्या मागे उभं राहायचं. तो म्हणेल तेव्हा ढील सोडायची, तो म्हणेल तेव्हा गुंडाळायची. पतंग झाडात अडकला तर "बघ, म्हटलं होतं ना" हे वाक्य गिळायचं. बोलावंसं वाटलंच तर जे दिसलं तेवढंच बोलायचं: "वारा पडला तेव्हा तू दोरा खेचलास, म्हणून तो एवढा वेळ टिकला." कंपनीत दिवसभर मशिनवर उभं राहिलेल्या माणसाला तासभर नुसतं मागे उभं राहणं अवघड जाईल, मला माहीत आहे. पण त्यांनी हे एकदा करून बघावं.

तुम्हीही बरोबर जा. टाळ्या वाजवू नका, व्हिडिओ काढू नका. सावलीत बसा आणि वर बघा. तो मधूनच मागे वळून तुमच्याकडे बघेल, तेव्हा तुम्ही बघत असायला हव्यात.

कसं झालं ते कळवा.

— तुमची ताई